फ्लॉपीतला गठ्ठा

माझं शिक्षण चौथी. त्यातही चौथीचा निकाल मी बघितला नाही, बापानं त्याआधीच कामाला लावलं. पण द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी तेहतीस वर्षं गाठी बांधल्या, आणि त्या तेहतीस वर्षांत मला अडाणी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माल आला की दाबून बसवायचा, वरून बारदान घालायचं, दाभणानं शिवायचं, सुतळीनं आवळायचं. मग काळ्या रंगात ब्रश बुडवून वर पार्टीची खूण काढायची. त्याला मार्का म्हणतात. मार्का बहुतेक इंग्रजी अक्षरांचा. इंग्रजी मला येत नव्हतं, पण अक्षरांचे आकार पाठ होते. हमाल मला मास्तर म्हणायचे आणि मी ओ द्यायचो.

एकदा काही गाठी आडव्या पडलेल्या होत्या. त्या उभ्या करायचा कंटाळा केला आणि तशाच पडलेल्यांवर एन काढला. गाठी उभ्या केल्यावर एनचा झेड झाला. झेड मार्क्याची पार्टी इंदूरला होती, माल तिकडं गेला. बोंब झाली तेव्हा मी सरळ सांगितलं, ड्रायव्हरनं घोळ घातला. नेमका त्याच वेळी माझा मुलगा डबा घेऊन गोदामात आला होता. एकुलता एक, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मागं राहिलेल्या एका गाठीकडं त्यानं बघितलं.

"बाबा, ड्रायव्हरची काय चूक? हा झेडच आहे. तुम्ही अक्षर लिहीत नाही, चित्र काढता."

"मास्तर, पोरानं पेपर तपासला तुमचा!" एक हमाल म्हणाला.

"किती मार्क दिले रे?" दुसऱ्यानं विचारलं, आणि सगळं गोदाम हसलं.

मी पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की डबा हातातून उडाला आणि वांग्याची भाजी बारदानावर सांडली. "उचल," मी म्हणालो. एकवीस वर्षांचा पोरगा, मिशी फुटलेली. सगळ्यांदेखत वाकून त्यानं भाजी बोटांनी डब्यात भरली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

परीक्षा झाली आणि तो नोकरीला बंगळूरला गेला. निघताना माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी मांडी घालून पाय आत घेतले. त्याची दोन पत्रं आली, दोन्ही मी न फोडता पाण्याच्या बंबात घातली. फोन आला की मीच उचलायचो आणि आवाज ओळखून ठेवून द्यायचो. बायकोला सांगून ठेवलं होतं की शेजारच्या फोनवर गेलीस तर तिकडंच राहा. बायकोला अक्षरओळख अजिबात नव्हती. ती माझ्यापुढं बोलायची नाही, पण भाकरी थापताना तिचा हात जोरात पडायला लागला होता.

पोराचा कॉम्प्युटर घरातच राहिला. सुटे भाग आणून त्यानं स्वतः जोडलेला. पुढं माझे गुडघे गेले, मी काम सोडलं, आणि दुपारी त्याच्यावर पत्ते खेळायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. उंदीर इकडं हलवला की बाण तिकडं हलतो, हे ज्याला समजलं त्याला बाकीचं समजतं.

दोन हजार साल उलटून गेलेलं. दिवाळीच्या सुमारास बायको भाचीकडं जाऊन आली. ही तिच्या भावाची मुलगी, कॉलेज रोडला इंटरनेटच्या दुकानात कामाला होती. लग्न झालं होतं आणि दिवाळीनंतर नवऱ्याकडं सुरतेला कायमची जाणार होती. आल्यावर बायकोनं पदराची गाठ सोडली आणि एक काळी फ्लॉपी माझ्यापुढं ठेवली.

"पोरानं धाडलंय. तिच्या मेलवर आलं. तिच्या दुकानात उघडंना, म्हणून यात भरून दिलं तिनं. पत्र हाय म्हणे." मग म्हणाली, "लगीन केलं त्यानं तिकडं."

मी पत्ते लावत होतो. म्हणालो, "केलं तर केलं."

"एवढं उघडून द्या. मी कधी काय मागितलंय तुमच्याकडं?"

फ्लॉपी बंबात जाणार होती, तसा हातही पुढं केला होता. पण 'तिच्या दुकानात उघडंना' हे डोक्यात बसलं. शिकलेल्या पोरीला उघडत नाही? बघू. माझ्या हाताखालून गेलेली एक गाठ अशी नव्हती की जी मला सोडता आली नाही.

फ्लॉपी घातली. आत एकच फाईल, पांढऱ्या कागदाचं चित्र, नावाच्या शेवटी टिंब आणि आर ए आर. दाबली तर कॉम्प्युटरनंच मला विचारलं, कशात उघडू? खाली नावांची लांबलचक यादी. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण यादीतली चित्रं ओळखत होतो. वहीच्या चित्रावर टिचकी मारली, खालच्या चौकटीत खूण होती ती राहू दिली. वही उघडली. वरती मोठा आर, मग छोटा ए, छोटा आर आणि उद्गारचिन्ह. त्यापुढं नुसते चौकोन, ठिपके, उलटी प्रश्नचिन्हं, तिरप्या रेघा. तांदळात किडे वळवळावेत तसं पान.

बायको मागं उभी होती. "काय लिवलंय?"

"गुरगुरतोय," मी म्हणालो. "राऽर."

खालच्या चौकटीतली ती खूण नडली. त्यानंतर कितीही दाबलं तरी फाईल वहीतच उघडायची. रंगपेटीच्या चित्रात घातली, त्यानं नाकारली. गाणी वाजवायच्या डब्यात घातली, तो गप्प बसला. मग मी तिचं नावच बदललं. आर ए आर पुसून डी ओ सी केलं, कारण कॉम्प्युटरवर पोराची जुनी पत्रं तशा नावाची होती. मार्का बदलला की माल दुसऱ्या गावी जातो, पण आतला माल काही बदलत नाही, हे मी जन्मभर बघितलेलं. तरी बदललं. पुन्हा किडेच. मग जुनं नाव परत घातलं.

आठ दिवस मी त्या फाईलीच्या मागं लागलो होतो. बायको न सांगता चहा आणून ठेवायची. खुर्चीवर तिनं उशी आणून ठेवली. इतक्या वर्षांत मला अशी वागणूक मिळाली नव्हती आणि ती मला आवडायला लागली होती. म्हणून मीही घाई केली नाही.

शेवटी शालिमारजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं.

"काका, झिप आहे का रार?"

"राऽर."

"म्हणजे दाबलेली फाईल आहे. फ्लॉपी आणा, दोन मिनिटांत सोडवून देतो."

"घरातली गोष्ट आहे. मी कुणाला दाखवायला आणणार नाही. सोडवायचं हत्यार दे."

"हत्यार!" तो शेजारच्याला म्हणाला, "ऐकलं का, काकांना हत्यार पाहिजे." हसत हसत त्यानं एक सीडी दिली. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत.

सीडी घातली, जिथं जिथं बटण दिसलं तिथं दाबत गेलो. आणि त्या पांढऱ्या कागदाचं चित्र बदललं. तिथं आली पट्ट्यानं आवळलेली पुस्तकं. तीन पुस्तकांची गाठ, मध्ये पट्टा. मी मोठ्यांदा हसलो. अहो, हा तर माझाच धंदा! माल दाबायचा, आवळायचा, वर मार्का घालायचा. एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात.

गाठ सुटली. आत तीन नग. पहिला फोटो निघाला. एका खोलीत पोरगा उभा, जरा सुटलेला. शेजारी सावळी, बारीक मुलगी, आणि तिचं पोट पुढं आलेलं. बायकोनं काचेवर तळहात ठेवला, त्या पोटावरच.

"कितवा असेल हो?"

"मी काय सुईण आहे?"

"पत्रात असेल. वाचा ना."

"आज डोळे दुखतात. उद्या."

डोळे अजिबात दुखत नव्हते. तिला एक दिवस ताटकळत ठेवावं असं वाटलं, बस. संध्याकाळी तिनं पेटीतली जुनी लुगडी काढली आणि लहान मापाच्या गोधडीचे तुकडे कापायला बसली.

सकाळी अंघोळ करून, कुंकू लावून, ती स्टूल घेऊन शेजारी बसली. मी दुसरा नग उघडला. छोटा होता. त्यात मराठी अक्षरं होती, पण एका शब्दाला अर्थ असेल तर शपथ. तीच ओळ पुन्हा पुन्हा, आधी बारीक, मग मोठी, मग त्याहून मोठी. 'ज', अर्धा 'क्', नुसता काना, कुठं तरी रफार. डोकं फिरलेल्या माणसानं पाटी गिरवावी तसं. हा कचरा आहे असं ठरवून मी तो पुसून टाकला.

तिसरं पत्र. उघडलं आणि माझे कान तापले. सगळं इंग्रजी. वरपासून खालपर्यंत. पहिलाच शब्द चार अक्षरांचा, व्ही, के, बी, झेड. मार्क्यासारखा. आणि शेवटी झेड! मला तेवढं पुरलं. पोरानं मुद्दाम इंग्रजीत लिहिलं. आईला वाचता येत नाही, बापाला इंग्रजी येत नाही, हे पक्कं ठाऊक असताना. तिकडं बसून तो अजून माझा पेपर तपासत होता.

"वाचा," बायको म्हणाली.

मला येत नाही, असं म्हणायला दोन शब्द लागले असते. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला लागलो.

"आई, मी इथं सुखात आहे. माझं लग्न झालं. माझी काळजी करू नये."

"पुढं?"

"माझ्या बायकोला सासरचं कुणी आलेलं चालत नाही. तू इकडं येऊ नको. बाळंतपणाचं तिच्या माहेरचे बघतील. पुन्हा पत्र पाठवणार नाही."

तिनं स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाली, "येऊ नको कुठं लिवलंय? बोट ठेवा."

मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. ती पुढं झुकली आणि त्या शब्दाकडं बघत बसली. जणू तो शब्द तिला पाठ करायचा होता. मग उठली, स्टूल जागेवर ठेवलं, पडद्यावर कापड टाकलं. गोधडीचे तुकडे तिनं फरशी पुसायला घेतले. सुती होते, पाणी चांगलं शोषायचे.

मला वाईट वाटलं का? त्या दिवशी नाही. मला वाटलं, पोरानं लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. मी फक्त त्याचं मराठी केलं.

संक्रांत झाली, होळी झाली. चैत्रात एका नातलगाच्या घरचं लग्न निघालं. पत्रिकेचा मजकूर बघायला त्यांनी मला पंचवटीतल्या छापखान्यात नेलं. तिथं एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि त्यातही तसलंच, ज्याला ना धड शब्द ना धड ओळ.

मी म्हणालो, "मराठी पत्रिका इंग्रजीत कशाला छापता?"

"मराठीच आहे आजोबा," ती म्हणाली. "फॉन्ट नाही टाकला अजून, म्हणून अशी दिसते." तिनं दोन ठिकाणी टिचकी मारली आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सगळं पालटलं. वर श्री गजानन प्रसन्न, खाली नवरदेवाचं नाव, मुहूर्ताची वेळ.

"हे काय केलं?"

"ज्या वळणात टाइप केलं ते वळण या मशीनवर नसेल तर मराठी वाचता येत नाही. मग लोक मजकुरासोबत फॉन्टची फाईल पण पाठवतात. एकाच गठ्ठ्यात."

"ती फाईल उघडली तर काय दिसतं?"

"काही नाही. नुसती अक्षरं, बारीक मोठी. अर्थ नसतो त्याला."

पत्रिकेत काय होतं ते मी बघितलं नाही. ती फाईल कॉम्प्युटरच्या कुठल्या खोक्यात टाकायची तेवढं तिला दोनदा विचारून घेतलं आणि निघालो.

दिवाळीत मी पुसला होता तो गाठीतून बाहेर काढलेला नग. फ्लॉपीत मूळ गाठ तशीच आवळलेली होती. ती पुन्हा सोडली. फॉन्ट खोक्यात टाकला, पत्र उघडलं. व्ही, के, बी, झेड या चार अक्षरांची दोन झाली होती. आई.

पत्र लहानसंच होतं.

आई, इथं ठीक आहे. हिला आई नाही, सावत्र आहे ती विचारत नाही. बाळंतपणाला तू यावंस असं हिला वाटतं, मला तर वाटतंच. तारीख संक्रांतीनंतरची दिली आहे. बाबा फोन ठेवून देतात म्हणून फोन करत नाही, पण नंबर खाली दिला आहे. मनमाडहून थेट गाडी आहे. संक्रांतीनंतर आठ दिवस मी रोज त्या गाडीला स्टेशनवर येऊन उभा राहीन. कळवलं नाहीस तरी चालेल, नुसती ये. बाबांना सांग, तेव्हा मी चारचौघांत बोलायला नको होतं. चूक माझी होती.

तीनदा वाचलं. मराठी मला छान वाचता येतं. बायको बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिथं जाऊन उभा राहिलो.

"चल आत. पत्र वाचतो."

"वाचलंय ना एकदा."

"परत वाचतो. तेव्हा नीट दिसत नव्हतं."

"आता दिसतंय? चष्मा तर तोच हाय."

ती आली नाही. मग मीच वहीच्या कागदावर सगळं उतरवून काढलं आणि ओट्यावर उभं राहून तिला वाचून दाखवलं. ती खडे वेचत राहिली. स्टेशनवर आठ दिवस उभा राहीन, इथं तिचा हात थांबला. मी पुढं वाचलं. चूक माझी होती, इथं ती हसली.

"तो आन् माफी मागल? तुमचाच पोरगा हाय तो."

"अगं, खरंच लिहिलंय."

"तवा तर बोट ठेवून दाखवलं. येऊ नको म्हणून. मी बघितलाय तो शबुद."

"ते वेगळं होतं."

"पत्र एकच, वाचणारा एकच, आन् लिवलेलं वेगळं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "मला बरं वाटावं म्हणून रचू नका. जन्मात कधी गोड बोलला नाय, आता म्हातारपणी कशाला सुरू करता?"

खोटं मी तेव्हा बोललो होतो, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडातून निघेना. म्हणालो, "रचत नाही. शपथ."

"मग शाळेतल्या बाईंना बोलवते." दोन घरं सोडून एक मास्तरीणबाई राहायच्या. "त्यांना वाचू द्या. त्या म्हणल्या तर मी आजच निघते, तांदूळ इथंच ठेवून."

ती खरंच उठली होती. पायात चप्पल घातली होती. बाई आल्या असत्या, पडद्यावरचं पत्र वाचलं असतं, आणि मग बायकोनं त्यांना विचारलं असतं की यांनी दिवाळीत मला काय वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं असतं, मास्तरला वाचता येत नाही.

"घरातलं पत्र बाहेरच्याला दाखवायचं नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग चप्पल काढली.

"बघा," ती म्हणाली. "मला ठावं होतं."

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. मास्तरीणबाई रोज सकाळी आमच्या दारावरून शाळेत जायच्या, रोज मला नमस्कार करायच्या. पत्राखालचा नंबर मी एकदा बूथवरून लावला. तिकडून एक बाई मला न कळणाऱ्या भाषेत बोलली, मागं लहान मूल रडत होतं. मी फोन ठेवला. फोन ठेवायची मला सवय होतीच.

बायको छातीच्या दुखण्यानं गेली, दोन दिवसांत. मुलाला नातलगांनी कळवलं. अंत्यसंस्कार झाल्यावर तो पोचला, एकटाच. दाढी पिकायला लागली होती. रात्रभरच्या प्रवासानं त्याचा शर्ट चुरगळला होता. ओट्यावर माझ्यापासून हातभर लांब बसला. बायका आत गेल्या तेव्हा त्यानं विचारलं.

"आईला माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं होतं."

"कुणी वाचून दाखवलं?"

"मी."

तो माझ्याकडं वळला. "सगळं?"

"सगळं. दोनदा वाचलं."

"दोनदा," तो म्हणाला. ओट्याच्या कडेला सिमेंट निघालं होतं, ते तो नखानं उकरत बसला. "मी आठ दिवस जात होतो स्टेशनवर. नंतरही गेलो थोडे दिवस." मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "एवढा प्रवास झेपला नसेल तिला. पाय दुखत असतील."

तो मला वाट काढून देत होता. मला नुसती मान हलवायची होती.

"पाय शेवटपर्यंत चांगले होते तिचे," मी म्हणालो.